नांगर तयार होता, गिऱ्हाईक नव्हतं

विसावं शतक नुकतंच उजाडलेलं. बेळगावातल्या एका छोट्या कारखान्यात लोखंडी नांगर बनवून ठेवलेले. एकूण चाळीस. परदेशी नांगर बघून, समजून घेऊन इथल्या मातीसाठी केलेले. लाकडी नांगरापेक्षा खोल जाणारे, माती उलथून टाकणारे, वर्षानुवर्षं टिकणारे. कागदावर सगळं मस्त. फक्त ते कुणी विकत घेत नव्हतं.

हे चाळीस नांगर विकायला किती काळ लागला असेल? दोन वर्षं.

ज्यानं ते बनवले त्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत आहे. पंपावर, इंजिनवर, आजोबांच्या शेतातल्या मोटारीवर तुम्ही ते वाचलेलं असतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर. पण ‘मोठे उद्योगपती’ एवढ्या दोन शब्दांत आपण त्यांना गुंडाळून टाकतो आणि ती दोन वर्षं विसरून जातो. आज त्यांची गोष्ट सांगायची ती त्या दोन वर्षांसाठीच. त्याला कारण आहे एक काळी पावडर.

सांगली, कराड, इस्लामपूर इथल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये तुम्ही असाल, तर ‘कार्बन नॅनोट्यूब’ हा शब्द कधी ना कधी सेमिनारच्या यादीत भेटलेला असणार. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट. त्यात कार्बनच्या एकेका अणूच्या जाडीचे पत्रे एकावर एक रचलेले असतात. त्यातला एक पत्रा घ्या आणि हातातल्या या पेपरची करतो तशी त्याची सुरळी करा. झाली नॅनोट्यूब. जाडी एक-दोन नॅनोमीटरपासून पुढे. आपला केस साधारण ऐंशी हजार ते लाख नॅनोमीटरचा. १९९१ मध्ये जपानमध्ये सुमिओ इजिमा यांनी त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि जग वेडं झालं. पोलादापेक्षा कितीतरी पट मजबूत, वजनाला हलकी, वीज आणि उष्णता वाहून नेण्यात पटाईत. आता विमानं, पूल, चिप सगळं हिचंच होणार, असं त्या काळात लिहिलं गेलं. आकाशात जाणाऱ्या लिफ्टचीसुद्धा चर्चा झाली!

मग झालं काय? माल तयार होता, गिऱ्हाईक सापडेना. जर्मनीतल्या बायर या बलाढ्य कंपनीनं २०१० मध्ये लेव्हरकुझेनला वर्षाला २०० टन नॅनोट्यूब बनवण्याचा प्रकल्प सुरू केला आणि २०१३ मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतलं. तीन वर्षांत! बायरकडे पैसा होता, प्रयोगशाळा होत्या, पीएचडी झालेली माणसं होती. बेळगावच्या त्या कारखान्यात यातलं काहीच नव्हतं. तरी तिथल्या माणसानं दोन वर्षं दम धरला. म्हणून ही गोष्ट मुळापासून बघायला हवी.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात ग्रंथ, पण पोराचं लक्ष पुस्तकात नाही. चित्रं काढायची आणि यंत्रं उघडून बघायची, या दोनच गोष्टींत जीव. शाळेत मन रमेना. घरचे वैतागले असणार, हे सांगायला नको, आजही वैतागतात. पण थोरल्या भावांनी हात दिला आणि १८८५ मध्ये स्वारी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाली.

तिथे दोन वर्षांनी एक भलतीच गोष्ट उघड झाली. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला अंशतः रंगांधळेपणा! यापेक्षा मोठा ‘करिअर प्रॉब्लेम’ कुठला असणार? रंग सोडावे लागले. मात्र रेषा शाबूत होती. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. ते तिकडे वळले आणि त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ड्रॉइंगचे मास्तर झाले. वर्गात शिकवायचं आणि उरलेल्या वेळात वर्कशॉपमध्ये घुसायचं. इंजिन कसं चालतं, लेथवर काय होतं, हे तिथे हाताला कळलं. डिग्री नाही. हात मात्र तयार.

त्याच काळात सायकल नावाची नवलाई आली होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि मोठे भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, बेळगावात विकायचे. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाची सुरुवात धरतात ती इथून, १८८८ पासून. गंमत बघा, सायकल विकायची तर आधी लोकांना ती चालवायला शिकवावी लागायची. तेही पैसे घेऊन शिकवलं जायचं. म्हणजे वस्तूबरोबर ती वापरण्याचं ज्ञानही विकायचं. हा धडा पुढे नांगराच्या वेळी फार उपयोगी पडला असणार, असं मला वाटतं.

पुढे बढतीची वेळ आली. लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. नोकरीत अन्याय झाल्यावर आपण काय करतो? स्टेटस टाकतो. असो.

बेळगावात सायकलींच्या जोडीला बारीकसारीक यंत्रांची कामं सुरू झाली. शेतकऱ्यासाठी बनवलेली पहिली वस्तू म्हणजे कडबा कापायचं यंत्र. आणि मग नांगर.

आता जरा शेतात जाऊ. लाकडी नांगराचं काम कसं चालायचं? तो जमीन फाडतो, पण माती पलटत नाही. काळ्या, भारी जमिनीत खोल नांगरट करायची तर एका नांगराला बैलांच्या कितीतरी जोड्या जुंपाव्या लागायच्या. तरी हराळी आणि कुंद्याची मुळं खाली शाबूत राहायची. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हराळी म्हणजे काय चीज आहे ते सांगावं लागणार नाही. लोखंडी नांगर मुळापर्यंत जातो आणि मातीची पाळ उलटी करून टाकतो. मुळं उन्हात येतात, वाळतात. फायदा स्पष्ट होता.

तरी शेतकरी घेईना. का? लोखंडानं जमीन विषारी होते, नापीक होते, अशी भीती होती. हे वाचून हसू येत असेल तर थांबा. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड यांनी १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट घेतलं, तेव्हा न्यू जर्सीच्या शेतकऱ्यांनीही नेमकी हीच शंका काढली होती. लोखंड जमिनीत विष कालवतं म्हणून! म्हणजे हा अडाणीपणा आपल्या मातीचा नव्हता. ज्याचं वर्षभराचं पोट एका नांगरटीवर अवलंबून आहे, तो माणूस नव्या वस्तूकडे संशयानंच बघणार. त्याच्या जागी आपण असतो तरी वेगळं काय केलं असतं?

मला वाटतं, भीतीइतकंच आणखी एक कारण होतं, आणि ते कमी सांगितलं जातं. लाकडी नांगर गावचा सुतार करून द्यायचा. बलुत्यात. म्हणजे रोकड नाही, सुगीला धान्य. मोडला तर तोच दुरुस्त करणार, आणि तो दोन गल्ल्या पलीकडे राहतो. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजायचे आणि मोडला तर बेळगावला धाडायचा? लक्ष्मणरावांची स्पर्धा दुसऱ्या कंपनीशी नव्हती. ती गावाच्या एका चालत्या व्यवस्थेशी होती. नव्या तंत्रज्ञानाचा खरा प्रतिस्पर्धी नेहमी असाच असतो: जुनं, थोडं कमी चांगलं, पण भरवशाचं.

आणि नांगरात लोखंड तरी कसलं होतं? बीड, म्हणजे ओतीव लोखंड. त्यात दोन ते चार टक्के कार्बन असतो. हो, आपला तोच कार्बन. साच्यात ओतलेला रस सावकाश थंड झाला तर हा कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो आणि बीड मऊ, करडं बनतं. झटकन थंड केला तर त्याला वेगळं व्हायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाशी संयुगात अडकतो आणि पांढरं, काचेसारखं कडक बीड मिळतं. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी याचाच फायदा घेऊन १८०३ मध्ये फाळाचं पेटंट घेतलं. फाळाची खालची बाजू झटपट थंड केलेली, कडक, वरची मऊ. वापरताना मऊ बाजू आधी झिजते आणि फाळाला आपोआप धार राहते. धार लावायची कटकट नाही. कार्बन तोच, प्रमाण तेच. तो कुठल्या रूपात बसला यावर नांगर चालणार की मोडणार हे ठरतं. नॅनोट्यूब ही याच गोष्टीची पुढची पायरी. तोच ग्राफाइटचा पापुद्रा, फक्त सुरळी झालेला.

पण बेळगावात हे समजावून सांगायला ना धातुशास्त्राचा प्राध्यापक होता ना पुस्तक लिहिणारा. परदेशी कॅटलॉग आणि मासिकं मागवायची, चित्रं निरखायची, भट्टी पेटवायची, ओतायचं, फुटलं की पुन्हा ओतायचं. लक्ष्मणरावांचं कॉलेज हेच. शेतातून तक्रार आली की दुरुस्ती करायची. गिऱ्हाईक चुकलं असं म्हणायची सोय नव्हती, कारण गिऱ्हाईकच नव्हतं.

दोन वर्षांत चाळीस नांगर गेले. ज्यांनी घेतले त्यांच्या शेतात पीक उभं राहिलं. जमीन काही विषारी झाली नाही. बांधावरून शेजाऱ्यानं ते पाहिलं. याहून मोठी जाहिरात खेड्यात नसते.

इथे नॅनोट्यूबच्या भीतीबद्दलही बोलायला हवं, कारण ती सरसकट खोटी नाही. २००८ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात दिसलं, की लांब आणि ताठ नॅनोट्यूबचे परिणाम ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखे असू शकतात. नांगराची भीती पीक बघून गेली. ही भीती तशी एका हंगामात जाणारी नाही. श्वासातून आत गेलेला तंतू वीस-तीस वर्षांनी हिशोब मागतो, हे ॲस्बेस्टॉसनं शिकवलंय. त्यामुळे ट्यूबची लांबी किती, ती सुटी पावडर आहे की प्लास्टिकमध्ये पक्की बसलेली, ती बनवणाऱ्या कामगाराच्या नाकावर काय आहे, हे प्रश्न विचारणाऱ्याला मागासलेला म्हणून चालणार नाही.

तर, नांगर विकायला लागला आणि नवंच संकट आलं. बेळगाव नगरपालिकेला शहर वाढवायचं होतं. कारखान्याची जागा खाली करायचा हुकूम आला. उभा केलेला सगळा डोलारा उचलून न्यायचा कुठे? त्या वेळी लक्ष्मणरावांकडे औंधचं एक बांधकाम होतं. औंध म्हणजे सातारा जिल्ह्याच्या मुलखात विखुरलेलं छोटं संस्थान. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. रंगांनी दगा दिलेल्या या कारागिराची अडचण चित्रकार राजाला समजली. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि वर दहा हजार रुपये कर्ज. बिनव्याजी.

आजच्या भाषेत सीड फंडिंग. पण जमीन म्हणजे काय होती? निवडुंगाचं रान आणि सापांचं राज्य. पाणी बेताचं, झाड औषधाला नाही. एकच गोष्ट जमेची: दाराशी रेल्वे. लोखंड येणार रेल्वेनं, नांगर जाणार रेल्वेनं. १० मार्च १९१० रोजी तिथे काम सुरू झालं. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं. निवडुंग तोडायचे, साप मारायचे, शेड उभारायच्या. या वस्तीचं नाव पडलं किर्लोस्करवाडी. तेव्हा हा सगळा परिसर साताऱ्याचा मानला जायचा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे सातारकर आणि सांगलीकर दोघांनीही हा माणूस आपला म्हणावा, इतका हिशोब सरळ आहे.

वाडीतली टीम बघण्यासारखी होती. रामूअण्णांनी वस्तीची आखणी आणि कारभार बघितला. यंत्रांची बाजू शंभोराव जांभेकरांकडे. विक्री आणि पत्रव्यवहार के. के. कुलकर्णींकडे. हिशोब मंगेशराव रेग्यांचे. शाळेत न रमलेले अनंतराव फळणीकर इथे येऊन तयार झाले. स्वतः मालकच शाळेला कंटाळलेले. त्यांनी मार्कशीट कशाला बघितली असती? तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना वाडीच्या राखणीचं काम दिलं गेलं आणि त्यांनी ते चोख केलं. वस्तीत शिवाशीव पाळायची नाही, हा दंडक होता. काळ १९१० चा आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

मग पहिलं महायुद्ध आलं. परदेशी माल थांबला. म्हणजे परदेशी नांगरही थांबले. बाजार आयता मोकळा! पण त्याच बोटींतून येणारं कच्चं लोखंड आणि इंधनही थांबलं. मागणी आहे, हात आहेत, लोखंड नाही. तेव्हा कोल्हापूर संस्थानात जुन्या, निकामी तोफा पडून होत्या. त्या वितळवून वाडीच्या भट्टीत नांगर ओतले गेले. एके काळी किल्ला राखणारं लोखंड कुणाच्या तरी जोंधळ्याच्या रानात गेलं. सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, अती झालं.

जुन्या हत्यारांचा आणखी एक किस्सा इथेच सांगून टाकतो. दमास्कसच्या प्रसिद्ध तलवारी भारतातून जाणाऱ्या उक्कू पोलादापासून बनायच्या. २००६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सतराव्या शतकातल्या अशाच एका तलवारीचा तुकडा तपासला, तर त्यात चक्क कार्बन नॅनोट्यूब सापडल्या. लोहारांना त्यांचं नाव माहीत नव्हतं. हवं तसं पातं कसं बनतं, हे मात्र माहीत होतं. म्हणजे या वस्तूचा पहिला बाजार शेकडो वर्षांपूर्वीच होऊन गेला होता म्हणायचा!

आता विक्री. इथे या गोष्टीत असा एक माणूस येतो, ज्याचा फोटो तुमच्यापैकी अनेकांच्या कॉलेजच्या ऑफिसात लावलेला आहे. भाऊराव पाटील. कर्मवीर व्हायच्या आधी ते फिरते विक्रेते होते. ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. विचार करा, सेल्समन म्हणून काय कसब लागत असेल! गावात जायचं, पाटलाच्या ओट्यावर बसायचं, नांगर जोडून दाखवायचा, शंका ऐकायच्या, पुढच्या गावाला निघायचं. या पायपिटीत खेड्यातला माणूस त्यांना आतून दिसला. वस्तू चांगली आहे, पण ती समजून घ्यायला लागणारी अक्षरओळख त्याच्याकडे नाही, हेही दिसलं असेल. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. रयतच्या कॉलेजात शिकणाऱ्यांनो, तुमच्या संस्थेच्या मागच्या कहाणीत एक बिडाचा नांगरही आहे.

भाऊराव पुढे साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांच्या कारखान्याशीही जोडले गेले. तिथेही लोखंडी नांगर बनायचे. म्हणजे ज्या वस्तूला दोन वर्षं गिऱ्हाईक मिळत नव्हतं, तिच्यासाठी वीस वर्षांत सातारा जिल्ह्यात स्पर्धा लागली. बाजार तयार झाला याचा याहून पक्का पुरावा नको. स्वतःच्या मालाला प्रतिस्पर्धी मिळणं हे कधीकधी यशाचं लक्षण असतं, हे आपल्याला कुठल्या मार्केटिंगच्या पुस्तकात आधी सांगत नाहीत.

१९२० मध्ये कंपनी लिमिटेड झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव, म्हणजे शंवाकि, यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याच्या बातम्या देणारं हे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाचं मराठीतलं महत्त्वाचं मासिक झालं. नांगर विकता विकता वाचक तयार झाले.

पण लक्ष्मणराव नांगरावर थांबले नाहीत, आणि माझ्या मते त्यांच्या धंद्याचं मर्म इथे आहे. शेतकऱ्याचा विश्वास एकदा मिळाल्यावर त्याच्या बाकीच्या अडचणी दिसायला लागतात. ऊस आहे? मग उसाचा चरक. भुईमूग आहे? मग शेंगा फोडायचं यंत्र. विहीर आहे? मग पंप. पंप फिरवायला काय? मग इंजिन. भट्टी तीच, बीड तेच, रेल्वे तीच. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून इंजिनिअर होऊन १९२६ मध्ये परतले आणि या पुढच्या पर्वाला वेग आला. बापाकडे पदवी नव्हती, मुलाकडे जगातल्या नामांकित संस्थेची होती. दोघंही त्याच वाडीत त्याच मातीत काम करत होते. चाळीसच्या दशकात हरिहर, बंगळूर, पुणे इथे कारखाने उभे राहिले. हा भाग सगळ्या चरित्रांत सविस्तर असतो, म्हणून इथे धावतच सांगितला.

नॅनोट्यूबचंही असंच काहीसं झालंय. आकाशातली लिफ्ट झाली नाही. पुलांचे दोरही झाले नाहीत. कारण एकेक ट्यूब कितीही मजबूत असली तरी कोट्यवधी ट्यूब एकत्र आणल्या की त्या एकमेकींना चिकटून गोळे होतात. पिठल्यात गुठळ्या होतात ना, तसं. गुठळीचं पिठलं जसं नकोसं, तसं गुठळीचं प्लास्टिकही. शिवाय एकपदरी ट्यूब सुरुवातीला ग्रॅमला शेकडो डॉलरच्या भावानं जायची. सोन्याहून महाग पावडर कोण कशात घालणार?

तिला भाकरी मिळाली ती भलत्याच ठिकाणी: लिथियम बॅटरीत. बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये वीज नीट वाहावी म्हणून काजळीसारखा कार्बन मिसळायचा, ही जुनी पद्धत. त्याऐवजी नॅनोट्यूब घातल्या तर लांब तारांसारखं जाळं तयार होतं आणि फार कमी माल पुरतो. वाचलेल्या जागेत जास्त ऊर्जा साठवणारा पदार्थ भरता येतो. विजेवरच्या गाड्या वाढल्या, तशी ही मागणी वाढली. बायर बाहेर पडली त्यानंतर काही वर्षांतच दक्षिण कोरियात एलजी केमनं आणि चीनमधल्या कंपन्यांनी मोठे प्रकल्प उभारले. ज्यांनी पदार्थाचे गुण सांगितले ते थकले. ज्यांनी बॅटरीवाल्याची अडचण ओळखली ते टिकले. तीही गुठळ्या काढून, पातळ करून, थेट कालवता येईल अशा लगद्याच्या रूपात. म्हणजे नांगराबरोबर तो कसा जुंपायचा हेही सांगायला माणूस पाठवला, तसंच.

उद्याचं काय? बॅटरीत सिलिकॉन वापरायचे प्रयत्न जोरात आहेत. चार्ज होताना सिलिकॉन फुगतं, भेगाळतं, आणि अशा वेळी वीज वाहती ठेवायला लवचिक एकपदरी ट्यूब कामाला येते. रबर, वीजवाहक प्लास्टिक, काँक्रीट यांतही कामं चालू आहेत. चिपमध्ये सिलिकॉनची जागा नॅनोट्यूब घेईल का? प्रयोगशाळेत तिचे प्रोसेसर बनले आहेत, पण बाजारात सिलिकॉन म्हणजे गावचा तो सुतार आहे. जुना, भरवशाचा, आणि दोन गल्ल्यांवर राहणारा. त्याला हलवणं सोपं नाही.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला त्यांचं टपाल तिकीट निघालं.

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर कराड, शेणोली, भवानीनगर, ताकारी करत गाडी एका छोट्या स्टेशनात शिरते. जुन्या टाइमटेबलात ते कुंडल रोड होतं. आता फलाटावरच्या पाटीवर किर्लोस्करवाडी लिहिलंय. बाजूच्या कारखान्यात आज प्रामुख्याने पंप बनतात. निवडुंग मात्र शोधावा लागतो.